जुन्या गाड्यांची वरात

मुलांनो, पश्चिम रेल्वेने विरारच्या पुढे निघालात की वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर अशी स्टेशनं लागतात. सफाळे आणि केळवे रोड यांच्या पश्चिमेला, रुळांकडून समुद्राकडे जाऊ लागलं की आमचं माकुणसार येतं. तालुका पालघर, जिल्हाही पालघर. १ ऑगस्ट २०१४ रोजी हा जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्यातले. आजही गावातली म्हातारी माणसं पत्ता सांगताना सवयीनं "जिल्हा ठाणे" म्हणून जातात!

आमच्याकडे वाड्या आहेत. वाडी म्हणजे घरामागची बाग. नारळ, केळी, भाजीपाला आणि सावलीत चढवलेली पानवेल. केळवे-माहीमच्या बाजूची विड्याची पानं पूर्वीपासून रेल्वेनं लांब लांब जात आली आहेत. गावचा रस्ता मात्र अरुंद. समोरून एसटी आली की सायकलवाल्याला कडेच्या गवतात उतरावं लागतं. रविवारी मुंबईची माणसं केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात डबा खायला येतात, तेव्हा या रस्त्यावर चकचकीत मोटारींची रीघ लागते. मुलं त्यांच्याकडे मान वर करूनही बघत नाहीत.

२०२५ च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी मात्र सगळ्यांच्या माना वर झाल्या. आधी आवाज आला. आजच्या मोटारींचा सूं-सूं आवाज नव्हे, तर खडखड, धडधड, मधेच एक फाट्! आणि हॉर्न तर असा, की कुणी तरी पत्र्याच्या डब्यात कोंबडा कोंडलाय. माझ्या चौथीच्या वर्गातली दोन पोरं धावत घरी आली. "बाई, बाई, सिनेमातल्या गाड्या आल्या!"

मी पदर खोचला आणि निघाले.

चौदा गाड्या होत्या. एकीमागून एक, शाळेची प्रभातफेरी निघते तशा. जुन्या मोटारींची हौस असलेल्या मंडळींनी मुंबईहून काढलेली ही फेरी होती. अशा फेरीला ते "ड्राइव्ह" म्हणतात. महामार्गावरून वरई फाट्याला वळायचं, तांदुळवाडीचा घाट चढून सफाळ्याला उतरायचं, माकुणसारवरून केळव्याला जायचं, जेवायचं आणि परत. यात शर्यत नसते, बरं का! सगळ्यात हळू चालणारी गाडी पुढे ठेवतात आणि बाकीच्यांनी तिच्या चालीनं चालायचं. शेवटच्या गाडीत मेकॅनिक बसतो. सहलीला जाताना आपण चालायला कच्च्या मुलाला रांगेत पुढे घेतो आणि मागे एक शिक्षक ठेवतो, अगदी तसंच.

पुढे होती 'डुक्कर फियाट'. हसू नका, तिचं नाव खरंच तेच पडलं आहे. फियाट ही इटलीची कंपनी. तिची 'अकराशे' नावाची मोटार १९५४ पासून मुंबईत कुर्ल्याला बनू लागली. गोल गुबगुबीत अंग आणि पुढे आलेलं नाक, म्हणून लोकांनी तिला डुक्कर म्हटलं आणि तेच नाव टिकलं. तिची पुढची दारं उलटी उघडतात. बिजागरी मागे आणि कडी पुढे. चालत्या गाडीत असं दार चुकून उघडलं तर वाऱ्यानं ते सताड उघडणारच. म्हणून पुढच्या काळात मोटारींना अशी दारं करणं बंद झालं.

तिच्यामागे एक अँबॅसेडर, एक उघडी जीप आणि मग फियाटच फियाट. आकाशी, दुधी, कोकमी. एक पिवळी तर इतकी बुटकी केलेली, की आमच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात तिचं पोट घासलं. तिची चाकं रुंद, आत नव्या तऱ्हेच्या खुर्च्या आणि गियर जमिनीवर. बाकीच्यांचा गियर कुठे होता, माहीत आहे? स्टिअरिंगच्या दांड्यावर! पुढची सीट बाकासारखी सलग असल्यामुळे तिथे तिघं बसत. मधल्याच्या पायात गियर येऊ नये म्हणून तो वर.

ही फियाट आमच्या पिढीनं टॅक्सीच्या रूपात पाहिली. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. देशात जहाजं, विमानं आणि मोटारी बनाव्यात असा त्यांचा ध्यास होता. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी मोटारी जोडल्या जात, मग फियाट आली. १९६४ साली नव्या चौकोनी रूपातली 'डिलाइट' आली आणि १९७४ पासून तिचंच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. इंजिन छोटंसं, १०८९ घन सेंटिमीटरचं, म्हणजे चारही सिलिंडर मिळून जेमतेम एक लिटर. त्या जोरावर तिनं मुंबईची काळीपिवळी टॅक्सी होऊन वर्षानुवर्षं माणसं वाहिली. पुढे टॅक्सींना सीएनजी गॅस लावला, तेव्हा टाकी डिकीत बसली आणि सामान टपावर गेलं. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. तुमच्यातली जी मुलं त्याआधी मुंबई सेंट्रलला उतरली असतील, त्यांनी तिला पाहिलं असेल.

फेरी खरं म्हणजे माकुणसारला थांबणार नव्हती. पण दुपारचं ऊन आणि नुकताच चढून आलेला घाट. दुधी रंगाची एक फियाट गचके देत देत पिंपळाखाली आली आणि बसली. टोपी घातलेले एक काका उतरले, बॉनेट उघडलं आणि शांतपणे म्हणाले, "एखादं ओलं फडकं मिळेल का?"

आम्हांला वाटलं, गाडी पुसायची आहे. पण फडकं हवं होतं पेट्रोलच्या पंपाला! पेट्रोल लवकर उडून जातं. इंजिन फार तापलं, की नळीतल्या नळीतच त्याची वाफ होते. पंप बनवलेला असतो पातळ पेट्रोल ढकलायला. त्याला वाफ ढकलता येत नाही, म्हणून इंजिन उपाशी राहतं. मेकॅनिक याला 'व्हेपर लॉक' म्हणतात. पंपावर ओलं फडकं ठेवलं, की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी चालू. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर आपण घडी ठेवतो ना, तोच उपाय. वर्गात बाष्पीभवन आणि सांद्रीभवन शिकवताना मी दरवेळी चहाच्या किटलीचं उदाहरण द्यायची. आता मला नवं मिळालं.

तेवढ्या वेळात बाकीची मंडळी उतरली, चहा झाला आणि पोरांनी प्रश्नांचा भडिमार केला. कुणी विचारलं, "एवढ्या जुन्या गाड्या घेऊन तुम्ही सगळे एकत्र का फिरता?" टोपीवाल्या काकांनी त्यांना थेट इंग्लंडात नेलं.

तिकडे एके काळी मोटारीला ताशी चार मैलांच्या वर धावायची बंदी होती, म्हणजे साधारण सहा-साडेसहा किलोमीटर. एवढं तर आपण झपझप चालतो. शिवाय गाडीपुढे एका माणसानं चालायचं. आधीच्या काळात तर त्याच्या हातात लाल निशाणही असायचं. १८९६ मध्ये हा कायदा बदलला आणि वेग चौदा मैलांपर्यंत चालेल असं ठरलं. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारवाल्यांनी लंडनपासून समुद्रकाठच्या ब्रायटन गावापर्यंत फेरी काढली. निघताना एक लाल निशाण फाडलं. १९२७ पासून तीच फेरी पुन्हा सुरू झाली आणि तिच्यात १९०५ च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. आपल्याकडे दिल्लीला 'स्टेट्समन' वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली १९६४ पासूनची. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था अशा फेऱ्या काढते. एकट्यानं जुनी गाडी काढली की धाकधूक असते, चौदाजण बरोबर असले की एकाचं फडकं, दुसऱ्याचा पाना.

"पण ती पिवळी जुनी कुठाय? तिच्यात सगळं नवंच आहे," माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली. ती वर्गातही अशीच. पाढा म्हणताना मधेच थांबून "का?" विचारणारी.

झालं! मोठ्या माणसांतच वाद पेटला. पिवळ्या गाडीचा मालक तरुण मुलगा. तो म्हणाला, "वरचं अंग माझ्या आजोबांच्या गाडीचंच आहे, मी फक्त ती माझ्यासारखी केली." टोपीवाल्या काकांना हे पटेना. त्यांच्या गाडीत काचेच्या रबरापासून घड्याळापर्यंत सगळं मुळातलं. एका दिव्याच्या काचेसाठी त्यांनी दोन वर्षं चोरबाजार धुंडाळला होता.

कायद्याचं म्हणाल तर तो काकांच्या बाजूला झुकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की कारखान्यानं जशी गाडी बनवली त्या मूळ तपशिलात आपल्या मनानं फेरफार करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंधन बदलायचं असेल तर परवानगी घेऊन, पुस्तकात नोंद करून. आणि २०२१ च्या जुलैत जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि पाटीवर 'व्हीए' ही खास अक्षरं. अट एकच, पण मोठी: सांगाडा, अंग आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. तेव्हा गणित करा पाहू. १९८५ ची पद्मिनी व्हिंटेज कधी होईल? २०३५ साली. तेव्हा तुमच्यातल्या पुष्कळांना मोटार चालवायचा परवाना मिळालेला असेल!

मुलगी गप्प उभी होती. मग म्हणाली, "आमच्या वाडीत आहे एक."

खरंच होती. तिच्या घरामागे केळीच्या ओळीपलीकडे झावळ्यांच्या मांडवात एक कोकमी फियाट उभी. मी त्या घरी अनेकदा गेले आहे, पण ताडपत्रीखाली मोटार असेल असं मनातही आलं नाही. मागच्या सीटच्या जागी लाकडी फळी आणि तिच्यावर अंड्यांवर बसलेली कोंबडी. आजोबा म्हणाले, "तिला उठवू नका. दुसरं काय ते बघा."

गाडी १९७१ ची, म्हणजे पन्नाशी उलटलेली. आजोबांनी ती कुणाकडून तरी जुनीच घेतली होती. मागची सीट काढून त्यांनी तिच्यात पानांच्या करंड्या रचल्या आणि वीसेक वर्षं पहाटे पहाटे केळवे रोड स्टेशन गाठलं. पावसात झाकलेली करंडी, उघड्या टेंपोपेक्षा बरी. पेट्रोल परवडेना तेव्हा त्यांनी डिझेलचं इंजिन बसवून घेतलं आणि तशी नोंदही रीतसर करून घेतली. पुढे गुडघे दुखायला लागले. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. ते शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झालं. आजोबांनी हिशेब केला आणि गाडी मांडवात लावली. भंगारवाला दर दिवाळीला येऊन भाव सांगतो, आजोबा दर दिवाळीला त्याला पाणी पाजून परत पाठवतात.

टोपीवाल्या काकांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पत्रा बरा होता, सांगाडाही शाबूत. पण बॉनेट उघडल्यावर ते हळहळले. "इंजिन मूळचं असतं तर ही व्हिंटेज झाली असती हो!"

"मूळचं आहे की," आजोबा म्हणाले, "ते काय तिथे."

नारळाच्या सोडणांच्या ढिगामागे गोणपाटाखाली ते होतं. तेल चोपडून ठेवलेलं, पण इतक्या पावसाळ्यांनी गंजलेलं. आता ते याच गाडीचं कशावरून? प्रत्येक इंजिनावर कारखान्यात क्रमांक ठोकलेला असतो आणि तोच गाडीच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. आजीनं कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक आणलं. जुना क्रमांक लाल शाईनं खोडलेला, खाली डिझेल इंजिनाचा. खोडलेला आकडा वाचता येत होता.

पोरांनी रॉकेल आणि काथ्या घेऊन इंजिन घासलं. एक एक आकडा दिसू लागला. नातीनं पुस्तकातला मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी इंजिनावरचा. जुळला, जुळला, जुळला... आणि एका आकड्यावर सगळे अडले. कुणी म्हणे तीन, कुणी म्हणे आठ. पुस्तकात आठ होता. मेकॅनिकनं बोट फिरवून पाहिलं, त्यालाही कळेना. तेव्हा त्या मुलीनं वहीचं पान फाडलं, आकड्यावर दाबून धरलं आणि वरून पेन्सिल आडवी घासली. नाण्याचा छाप घेतो तसा! कागदावर आठ उमटला. डाव्या बाजूच्या दोन्ही वळणांसकट. मुलांनी एवढा गलका केला, की कोंबडी आपण होऊन उठली.

काकांना आनंद झाला होता. त्यांनी आजोबांना सगळं समजावून सांगितलं. हे इंजिन दुरुस्त करून परत बसवायचं, मागची सीट शोधायची, अर्ज करायचा. क्लबची मंडळी मदत करतील. पुढच्या वर्षी ही गाडी फेरीत पुढे असेल.

आजोबांनी विचारलं, "मग हिच्यातनं पानं नेता येतील?"

नाही. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला, एवढ्यासाठीच तिनं रस्त्यावर यायचं.

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग डिझेल इंजिनावर हात ठेवून म्हणाले, "दोन पोरींची लग्नं आणि मुलाचं कॉलेज यानं केलं. ते काढून टाकायचं, आणि जे गोणपाटाखाली झोपून राहिलं त्याला मान द्यायचा?"

यावर कुणालाच चटकन उत्तर सुचलं नाही. काकाही गप्प झाले. खरं सांगते, कायद्याचं बरोबर आहे असं मला वाटतं. सगळ्यांनीच मनासारखे बदल केले तर साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुर्ल्यात गाडी कशी बनत होती हे तुम्हांला कुठे बघायला मिळणार? पण आजोबांचं चूक आहे असंही म्हणवेना. शेवटी पिवळ्या गाडीवाला तरुणच बोलला. "आजोबा, डिझेलचं भंगारात कशाला घालायचं? ते त्याच गोणपाटाखाली ठेवा. आता त्याची झोपायची पाळी." आजोबा पहिल्यांदा हसले. हो किंवा नाही मात्र म्हणाले नाहीत.

दुधी फियाट फडक्यानं थंड होऊन कधीच तयार झाली होती. पिवळीला खड्डा चुकवून पुढे काढायला सहाजणांनी हात लावले आणि वरात केळव्याकडे गेली. जाताना मेकॅनिक आजोबांना एक कृती सांगून गेला. गंजून जाम झालेलं इंजिन जोर लावून फिरवायचं नाही, आतलं मोडतं. स्पार्क प्लगच्या चारही भोकांत डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतायचं, मुरू द्यायचं आणि रोज पान्यानं पुढची चाकी अगदी हलकेच फिरवून बघायची. हलली नाही तर सोडून द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आजोबा "बघू" म्हणाले होते. पण दुसऱ्याच दिवशी नात शाळेत हातांना तेलाचा वास घेऊन आली. चाकीवर आणि शेजारच्या लोखंडावर तिनं खडूनं एक एक रेघ मारून ठेवली आहे, म्हणजे चाकी केसभर हलली तरी दोन रेघा एकमेकींपासून सरकलेल्या दिसतील. पहिले अकरा दिवस दोन्ही रेघा समोरासमोरच होत्या. बाराव्या दिवशी हजेरी चालू असतानाच तिनं उभं राहून बोटांची चिमूट केली आणि दाखवलं, "बाई, एवढी!"